मुलाखत क्रमांक अकरा

प्रज्ञा,

तुझ्या शोकसभेत मी छान बोलले. सगळे तसं म्हणाले. विभागाचा हॉल भरला होता, मागे मुलंमुली भिंतीला टेकून उभी होती, आणि मी हातात कागद न घेता वीसेक मिनिटं बोलले. तुझं शिकवणं, तुझं मोठ्याने हसणं, कायनेटिकवर बसून मागच्या माणसाशी मान वळवून गप्पा मारायची तुझी जीवघेणी सवय. लोक आधी हसले, मग रडले. हे मला जमतं, असं तूच म्हणायचीस, आणि ते कौतुक नसायचं. त्या वीस मिनिटांत मी वैशालीचं नाव एकदाही घेतलं नाही. 'शेवटच्या काळात तिच्या एका मैत्रिणीने तिची सोबत केली,' एवढंच म्हणाले. वैशाली तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती. ते वाक्य संपल्यावर तिने खुर्ची आवाज न करता मागे सारली आणि ती निघून गेली.

नऊ वर्षं तुझ्याबरोबर एका घरात राहिलेल्या बाईला मी 'एक मैत्रीण' करून टाकलं.

तुला जाऊन आज बावीस दिवस झाले. एका मासिकाने तुझ्यावर लेख मागितला आहे, आणि तसा लेख मी तासाभरात लिहून देऊ शकते. तो लिहीत नाहीये. शोकसभेच्या आधी, दवाखान्यात, मी एक गोष्ट केली. ती तुझ्या आणि वैशालीच्या मधे उभी आहे, आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला दुसरं काही लिहिता येणार नाही. पण तिथपर्यंत यायला जरा वेळ लागेल. माणूस मुद्द्यावर येईपर्यंत थांबायचं, मधे तोंड घालायचं नाही, हे तू विद्यार्थ्यांना मुलाखती शिकवताना सांगायचीस. तुला स्वतःला ते कधी जमलं नाही. आता जमेल.

आपण एम.ए.ला एकत्र होतो. तू नागपूरहून आलेली, वसतिगृहात राहणारी. मी नारायण पेठेतून पीएमटीच्या बसने येणारी, साखरपुडा झालेली, डब्यात दोन पोळ्या आणि कोरडी भाजी. सर 'विचलन' शिकवत होते. समाजाच्या नियमांपासून ढळलेली माणसं कोण, तर त्यांनी फळ्यावर लिहिलं: चोर, दारुडा, वेश्या, घटस्फोटिता. तू हात वर केलास. 'सर, घटस्फोटितेने काय चोरलं?' वर्गात कोणी हसलं नाही, कारण तू खरंच उत्तराची वाट बघत होतीस. सरांनी घड्याळ बघितलं. मी दुसऱ्या दिवशी माझी पिशवी उचलून तुझ्या बाकावर येऊन बसले, आणि तिथे आधी बसणाऱ्या मुलीला सांगितलं की मला मागून फळा दिसत नाही. माझे डोळे तेव्हा उत्तम होते.

म्हणजे सुरुवातच बघ कशी आहे.

आपला पहिला मोठा अभ्यास नवऱ्याने टाकलेल्या बायकांचा. तू मुलाखती घ्यायचीस, मी कॅसेट ऐकून उतरवून काढायची. आणि नावं बदलायचं काम माझं. खरं नाव कुठेही छापायचं नाही, बदललेलं नाव आणि खरं नाव यांची जोडी फक्त एका वहीत, आणि ती वही माझ्या कपाटात साड्यांखाली. ही वही माझ्याकडे आहे याचा मला केवढा अभिमान होता. बदललेली नावं मी माझ्या शाळेच्या हजेरीपटातून द्यायची, आठवतील तशी, अनुक्रमाने. मेधा, चारुता, सुनीती, मृणाल.

अहवाल छापून आला तेव्हा आपण तो घेऊन कसबा पेठेत शेवंताबाईंकडे गेलो. त्या बुरूड आळीत टोपल्या विणायच्या. मूळच्या सासवडकडच्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "ह्यात मी कंची?"

"पान सोळा," मी म्हणाले. "चारुता."

"ही कोन चारुता?"

"तुमचंच नाव बदललंय, मावशी. कुणाला कळू नये म्हणून."

"काय कळू नये? त्यानं टाकली ते आख्ख्या आळीला ठावं हाय. लग्नात तांदळात अंगठीनं नाव लिवून त्यांनी माझं नाव बदललं, आता तुमी बदललं. मला इचारलं का कुनी?"

त्यांनी स्वतःचं नाव घालायची परवानगी त्या दिवशी दिली, ती मी आज वापरते आहे. उशीर झाला. परत येताना तू गाडी शनिवारवाड्याशी थांबवलीस आणि मला म्हणालीस, "तुझ्या वर्गात आमच्यातली एकही मुलगी नव्हती का गं?"

"असतील एखाद-दोन."

"मग त्यांची नावं कशी नाही आठवत? मातंग वस्तीतल्या, बुरूड आळीतल्या, आमच्यातल्या, सगळ्या बायका तू सदाशिव पेठेतल्या करून टाकल्यास मंजू. जात पुसली गेली, मार तेवढा शिल्लक राहिला."

मी चिडले. म्हणाले, नाव बदललं की माणूस सुरक्षित राहतो. तू म्हणालीस, कधीकधी माणूस नाही, आपण सुरक्षित राहतो. हे भांडण आपण वीस वर्षं भांडलो. एकदा तू विभागात सर्वांसमोर काढलंस, एकदा मी तुझ्या पुस्तकाच्या परीक्षणात काढलं. मिटलं नाही. मला अजूनही वाटतं की तुझं अर्धंच बरोबर होतं, पण उरलेलं अर्धं मी कशासाठी वापरलं ते शोकसभेत दिसलं.

सोलापूरचं तुला आठवत असेल. फील्डवर्कला गेलो होतो, लॉजवर दुपारी पाणी गेलेलं, पंखा नुसता घरघरणारा. तू खाली सतरंजीवर बसली होतीस, मी मागे खाटेवर, आणि मी तुझ्या केसांना तेल लावत होते. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. तू एकदम म्हणालीस, "मंजू, मी लग्न करणार नाहीये. कधीच."

"बरं."

"कारण विचार ना."

मी म्हणाले, "तुला काम महत्त्वाचं आहे. मला कळतं." आणि तेल लावत राहिले.

मी दिवसाला चार अनोळखी बायकांना 'का' विचारणारी बाई. नवऱ्याने का मारलं, सासूने का हाकललं, माहेरी का नाही गेलात. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, आणि मग मलाही माझं काहीतरी सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा तेल लावणं सोपं होतं. तुझ्या मानेवर उजवीकडे एक बारीक तीळ होता. तो त्या दुपारी मला पाठ झाला.

एक सांगते, नाहीतर तुला वाटेल की सगळी मळमळच आहे. मुलगा झाल्यावर मी प्रबंध सोडला होता. घरात कोणी सोड म्हटलं नाही, धर असंही म्हटलं नाही. तू दर गुरुवारी संध्याकाळी नारायण पेठेत यायचीस, बाळाला मांडीवर घ्यायचीस आणि म्हणायचीस, "लिही, मी बसलेय." सासूबाई म्हणायच्या, "ही काय पहारा करायला येते का?" दीड वर्षं तू पहारा केलास. माझ्या नावामागे डॉक्टर आहे ते तुझ्यामुळे, आणि हे मी शोकसभेत बोलले, ते खोटं नव्हतं.

मग पुणं बदललं. हिंजवडीला इमारती उभ्या राहिल्या, रस्त्यावर कंपन्यांच्या पांढऱ्या गाड्या धावायला लागल्या, आणि कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणाऱ्या मुलींबद्दल शेजारीपाजारी काय बोलतात यावर तू नवा अभ्यास घेतलास. या मुली पगारदार, शिकलेल्या, आणि तरी पहाटे गाडीतून उतरताना गल्लीच्या तोंडाशीच उतरायच्या, दारापर्यंत गाडी येऊ द्यायच्या नाहीत. टाकलेल्या बाईला जे सोसावं लागायचं तेच यांना, फक्त कारण नवं. तू मुलाखती घेतल्यास, मी कॅसेट उतरवल्या. मुलाखत क्रमांक अकरा वैशालीची.

मी ती एका दुपारी घरी ऐकली. आवाज कोवळा, अकोल्याकडचा हेल. तू गाडीचं विचारलंस. ती म्हणाली, "मी ड्रायव्हरला सांगते, अगदी दारासमोर थांबव आणि हॉर्न दे. सगळ्यांना दिसू दे मी कामावरून आले. चोरून कशाला उतरू?" तू हसलीस. तुझं ते हसणं मी ओळखते, ते वर्षातून एखाद्या वेळी यायचं आणि बहुतेकदा माझ्यामुळे यायचं. मग तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही का नाही केलं लग्न?"

सात-आठ सेकंद कॅसेटवर काही नाही. मग तुझा आवाज: "कारण विचारतेयस?"

"हो."

आणि खट्ट. तू टेप बंद केला होतास.

मी ती जागा चार वेळा मागे नेऊन ऐकली. बाजू अजून शिल्लक होती, फीत नुसती फिरत राहिली. जे मला सोलापुरात फुकट मिळत होतं आणि मी घेतलं नाही, ते कोणा एका पोरीने दुसऱ्या भेटीत विचारून घेतलं. मला राग तिचा आला. खरं तर माझा यायला हवा होता, पण तेवढी मी मोठी नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुला म्हणाले, अकरा नंबरची मुलाखत अपूर्ण आहे, शिवाय तू मुलाखतीत स्वतःबद्दल बोललीस, हे शिस्तीत बसत नाही, ती अभ्यासातून काढावी लागेल. मत्सराला मी संशोधनपद्धती म्हटलं. तू माझ्याकडे जरा वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "काढ." तुझ्या त्या अहवालात दहानंतर एकदम बारा येतो. वाचणाऱ्यांना ती छपाईची चूक वाटते.

तू आणि वैशालीने मिळून वारज्याला फ्लॅट घेतलात. गृहप्रवेशाला बुद्धवंदना होती, तू मला दोनदा फोन केलास. मी मुलाच्या परीक्षेचं कारण सांगितलं. मुलगा तेव्हा तिसरीत होता. कलंक जवळच्या माणसांनाही चिकटतो, हे मी बी.ए.च्या मुलांना दरवर्षी शिकवायची, आणि मला वाटायचं की मी त्याला घाबरते. घाबरत होतेच. पण खरी गोष्ट त्याहून क्षुद्र होती. दारावर तुमच्या दोघींची नावं एका पाटीवर आहेत, असं मला कोणीतरी सांगितलं होतं आणि ती पाटी मला बघायची नव्हती.

पुढे मी आले. येत राहिले, कारण न येणं त्याहून वाईट होतं. सोसायटीत तुम्हाला लोक बहिणी समजायचे आणि तुम्ही समजू द्यायचात. गाडीवर मागे आता ती बसायची आणि तू मान वळवून तिच्याशी बोलायचीस. अकरा वर्षं मी तुझ्या पोह्यांतली कोथिंबीर वेचून काढत आले होते, तिने कोथिंबीर घालणंच बंद केलं. इतकं साधं होतं ते, आणि मला सुचलं नव्हतं. तुला बरं नसलं की मला कळायचं नाही. मला कळायचं ते बरं झाल्यावर, तेही तिच्याकडून. "परवा ताप होता हो तिला," असं ती सहज सांगायची, आणि मी घरी जाऊन नवऱ्यावर ओरडायची. तो बिचारा पेपर बाजूला ठेवून विचारायचा, "माझं काय चुकलं?" त्याचं काहीच चुकलं नव्हतं, आणि तेही मी त्याला कधी सांगितलं नाही.

आता दवाखान्यावर येते.

सोमवारी तुझा ताप छातीत उतरला आणि वैशालीने तुला आणलं. फॉर्मवर सही कोण करणार असं काउंटरवरच्या बाईंनी विचारलं. वैशाली म्हणाली, मी. नातं? तिने लिहिलं, मैत्रीण. बाई म्हणाल्या, "मैत्रीण चालत नाही. रक्ताचं कोणी आहे का?" तुझा भाऊ नागपुरात, आईला घेऊन निघायला त्याला एक-दोन दिवस लागणार होते. मी तेवढ्यात पोचले. फॉर्म पुढे ओढला आणि लिहिलं, बहीण. बाईंनी दोन आडनावं बघितली. मी म्हणाले, "लग्नानंतर बदललं." त्यांनी शिक्का मारला. आपल्याकडे बाईचं नाव बदलतं याचा मला आयुष्यात एवढाच उपयोग झाला. वैशालीने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "ताई, बरं झालं तुम्ही आलात."

मला आयसीयूचा पास मिळाला. एका वेळी एकच माणूस, संध्याकाळी पाच ते साडेपाच. पहिल्या दिवशी मी वर जाऊन आले आणि खाली वैशाली उभी होती, पाससाठी हात पुढे करून. मी तिला सांगितलं की पास माझ्या नावाचा आहे, बहीण असं लिहिलंय, दुसऱ्या कोणाला सोडत नाहीत.

पासवर फक्त खाटेचा नंबर होता, प्रज्ञा. दारावरचा माणूस चेहऱ्याकडे बघतही नव्हता.

वैशालीला काउंटरवर एकदा 'चालत नाही' म्हटलेलं होतं, तिने माझ्यावर विश्वास ठेवला. मंगळवारी तिने पुन्हा विचारलं. एरवी ती आपल्यासारखं बोलते, त्या दिवशी तिचं गाव बाहेर आलं. "मले एकदा पाहू द्या ना तिले, ताई." मी म्हणाले, प्रज्ञाचा भाऊ येईल, तो बोलेल डॉक्टरांशी. आणि वर गेले.

का केलं, असं तू विचारशील. तू कारण विचारतेसच. नऊ वर्षांनी रोज अर्धा तास तू माझी होतीस. तुझ्या कपाळावरचे केस मी मागे सारत होते. माझं तुझ्यावर प्रेम होतं. वैशालीचं आहे तसं होतं का, ते मला ठाऊक नाही, कारण ते मी कधी उलगडून बघितलंच नाही, वयाच्या पंचेचाळिशीत तर नाहीच नाही. पण होतं, आणि ते तुला एकदा तोंडावर सांगण्याऐवजी मी एक पास मुठीत धरून बसले.

गुरुवारी सकाळी तू गेलीस. तुझा भाऊ आईला घेऊन दुपारी पोचला. तो मला म्हणाला, "मॅडम, ताईच्या सगळ्यात जवळच्या आपणच. तुम्ही पुढे उभ्या राहा." तो सज्जन माणूस आहे, त्याला जेवढं सांगितलं होतं तेवढंच त्याला माहीत होतं. स्मशानात त्रिसरण चालू असताना मी पांढऱ्या साडीत पुढे उभी होते. वैशाली मागे, सोसायटीतल्या बायकांमध्ये.

मग शोकसभा. ते सांगून झालं.

गेल्या रविवारी मी वारज्याला गेले. वैशालीने दार उघडलं, बसा म्हणाली, पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. सोफ्यावर तुझी पुस्तकं होती तशीच. ती समोर बसली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही माझं नाव नाही घेतलं. मला ऑफिसात, सोसायटीत प्रॉब्लेम होईल म्हणून का?"

पळवाट तिने स्वतःच उघडून दिली होती. मी म्हणाले, "संशोधनात आम्ही..."

"मी कुठे आहे संशोधनात? तुम्हीच काढलंत ना मला त्यातून."

म्हणजे तू तिला सांगितलं होतंस. तू तिला सगळंच सांगायचीस.

मग ती म्हणाली, "एक खरं सांगा. बुधवारी संध्याकाळी ती झोपलेली होती का? तुम्ही तसं म्हणालात खाली येऊन."

मी तिला सांगितलं. पासचं आधी सांगितलं, मग बुधवारचं. तू जागी होतीस. मास्क होता, पण डोळे उघडे होते. मी तुझा हात धरला, तर तू माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे बघितलंस. बघतच राहिलीस. मग मास्कच्या आतून म्हणालीस, "वैशू?" मला नीट ऐकू आलं. मी म्हणाले, "येतेय." तू मान हलवलीस आणि परत दाराकडे बघायला लागलीस. माझ्याकडे वीस मिनिटं शिल्लक होती. खाली जाऊन पास तिच्या हातात द्यायला दोन मिनिटं लागली असती. मी वीसच्या वीस मिनिटं तुझ्याजवळ बसले, आणि तू त्यातला एक क्षणही माझ्याकडे बघितलं नाहीस.

वैशाली रडली नाही. तिने विचारलं, "मग खाली येऊन मला म्हणालात, झोपली आहे."

"हो."

"म्हणजे ती वाट बघत होती."

"हो."

"आणि दुसऱ्या दिवशी गेली. म्हणजे तिला वाटलं असेल, मी आलेच नाही."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तू गेल्यापासून मी हेच कुरवाळत बसले होते की तू तिचं नाव घेतलंस, माझं नाही. तुला काय वाटलं असेल, याचा विचार मी एकदाही केला नव्हता.

मी म्हणाले, "वैशाली, माझं चुकलं. मला—"

"मला नका सांगू. मला आता कळलं तरी. तिला कळलेलं नाही." ती उठली आणि दारापाशी जाऊन उभी राहिली. "तुम्ही लिहिता ना ताई, तर तिला लिहा. आणि माझं नाव बदलू नका."

म्हणून लिहिते आहे. प्रज्ञा, वैशाली आली होती. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही दिवस ती खाली जिन्याजवळच्या बाकावर बसून होती. रजा टाकली होती, जेवायलाही हलली नाही. बुधवारी मी तुला 'येतेय' म्हणाले तेव्हा ती तुझ्यापासून दोन मजले खाली होती, आणि तू तिला बोलावलंस हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.